मालक पत्र देत नाही तेव्हा

आमच्या मुंब्र्याच्या घरात कपाटावर एक पत्र्याची पेटी असते. ती अब्बांची, म्हणजे सासऱ्यांची. अब्बा बावीस वर्षं जहाजावर होते. सीडीसीची जुनी पुस्तकं, पगाराच्या पावत्या, कंपन्यांची पत्रं, सगळं त्या पेटीत. म्हसळा तालुक्यातलं गाव सोडून मुंब्र्याला आलो तेव्हा निम्मी भांडी मागे राहिली, पण पेटी आली. आम्ही त्या पेटीवरून अब्बांची थट्टा करायचो.

२०१५ साली हे दुबईला निघाले तेव्हा अब्बांनी एकच ताकीद दिली, "मालकाचा कागद मालक खूश असतानाच घ्यायचा." आम्ही मान डोलावली आणि विसरून गेलो. आठ वर्षांनी कॅनडाच्या कायम वास्तव्यासाठी अर्ज भरायला बसलो तेव्हा ते वाक्य आठवलं. आखातातून पुढे कॅनडाला जायचा विचार आज कोकणातल्या आणि मुंब्रा-कौशातल्या कितीतरी घरांत चालू आहे. त्यांपैकी कुणाचं जुन्या मालकाशी बिनसलं असेल, तर आमचा अनुभव त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून हे लिहितो आहोत.

हे इलेक्ट्रिकल इंजिनिअर. दुबईत एका कंत्राटदार कंपनीत इमारतींच्या विजेच्या कामाची आखणी आणि साइटवरची तपासणी हे त्यांचं काम. पुढे आम्ही बायको-मुलंही तिकडे गेलो. २०२० मध्ये कोरोना आला. कंपनीनं सगळ्यांचा पगार एक चतुर्थांश कापला. "थोड्या महिन्यांपुरतं आहे," असं तोंडी सांगितलं. लेखी काहीच दिलं नाही आणि आम्हीही मागितलं नाही. कापलेला पगार पुन्हा पूर्ववत झालाच नाही. शेवटी २०२२ मध्ये ह्यांनी नोटीस देऊन राजीनामा दिला.

तिथल्या कायद्यात नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते. पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा मूळ पगार आणि पुढच्या प्रत्येक वर्षासाठी ३० दिवसांचा. सात वर्षांचे झाले १६५ दिवस. करारातला मूळ पगार ४,५०० दिरहॅम, म्हणजे दिवसाला १५०. हिशेब सरळ होता: २४,७५० दिरहॅम. कंपनीनं मात्र कापलेला पगार धरला, त्यातून व्हिसाचा खर्चही वजा केला आणि अकरा हजार पुढे केले. बरोबर एक कागद होता: सर्व येणं मिळालं, काही तक्रार नाही. त्यावर ह्यांनी सही केली नाही.

संयुक्त अरब अमिरातीचा नवा कामगार कायदा फेब्रुवारी २०२२ पासून लागू झाला आहे. त्यात करार संपल्यापासून १४ दिवसांत सगळे पैसे देण्याचं बंधन आहे. चौदा दिवस गेले. मग ह्यांनी मनुष्यबळ मंत्रालयाकडे तक्रार नोंदवली. कंपनीतून फोन आला, "तक्रार मागे घ्या, नाहीतर अब्स्काँडिंग लावू." आखातात राहिलेल्यांना ह्या एका शब्दाची भीती वेगळी सांगायला नको. कामावरून पळाल्याची नोंद झाली की व्हिसा अडकतो. पण राजीनाम्याचा ईमेल, नोटिशीची तारीख आणि तक्रारीचा क्रमांक हे तिन्ही आमच्याकडे होतं. प्रकरण कामगार न्यायालयात गेलं. एक लाख दिरहॅमपर्यंतच्या दाव्याला कामगाराला न्यायालयाची फी लागत नाही, हेही तेव्हाच कळलं. निकालाआधीच कंपनीनं पूर्ण रक्कम भरली. अल्हम्दुलिल्लाह, हक्काचे पैसे मिळाले.

पैसे मिळाले, पण संबंध कायमचे तुटले. कायद्यानं अनुभवाचा दाखला मोफत द्यावाच लागतो, म्हणून कंपनीनं तो दिला: नाव, हुद्दा, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, शेवटचा पगार. बस. २०२३ च्या सुरुवातीला आम्ही मुंब्र्याला परतलो. ह्यांना पाच महिने काम नव्हतं. मग नवी मुंबईत नोकरी लागली. ह्यांची बहीण कॅनडात मिसिसागाला असते. तिच्या आग्रहानं एक्स्प्रेस एंट्रीत नाव नोंदवलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात अर्ज करण्याचं आमंत्रण आलं. आमंत्रणानंतर पूर्ण अर्ज भरायला ६० दिवस असतात.

खरी अडचण इथे आली. कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याला प्रत्येक नोकरीसाठी कंपनीच्या लेटरहेडवर, जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीचं पत्र लागतं. त्यात हुद्दा आणि तारखांबरोबरच आठवड्याचे कामाचे तास, वर्षाचा पगार, सवलती आणि मुख्य म्हणजे प्रत्यक्ष काय काम केलं त्याचा तपशील हवा. नुसत्या हुद्द्यानं भागत नाही. आमच्या दाखल्यात तास नव्हते, कामाचा तपशील नव्हता. ह्यांनी कंपनीला तीन ईमेल केले. फोनवर एचआरचा माणूस हिंदीत म्हणाला, "कोर्ट में गए थे ना? अब लेटर भी कोर्ट से ले लो."

आम्ही एका एजंटकडे गेलो. तो हसून म्हणाला, "भाईजान, एवढ्यासाठी रडता? लेटरहेड आम्ही बनवू, शिक्काही बनवू. पंचवीस हजार द्या." वर एक फुकटचा सल्लाही दिला, "ते पाच महिने घरी बसलात ते लिहू नका, दुबईची नोकरीच पाच महिने पुढे ओढा."

त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. खोटं काय होतं त्यात? काम तर सात वर्षं खरंच केलं होतं. खोटी होती ती फक्त सही. असा विचार मनात आला, हे कबूल करायला हवं. सकाळी अब्बांना सांगितलं. ते म्हणाले, "पैशासाठी भांडलात तेव्हा तुम्ही खरे होतात. आता खोटा कागद लावलात तर कंपनी खरी ठरेल." मग त्यांनी सूरह बकराच्या २८२ व्या आयतीची आठवण दिली. कुरआनातली ती सर्वांत लांब आयत. व्यवहार लिहून ठेवावा, साक्षीदार घ्यावेत, ह्याबद्दलची. "लिहिलेलं शोधा, साक्षीदार शोधा," अब्बा म्हणाले. आम्ही नेमकं तेच केलं.

कायद्याच्या बाजूनंही अब्बांचंच बरोबर होतं. कॅनडाच्या कायद्यात खोटी माहिती किंवा खोटा कागद दिल्यास पाच वर्षं अर्ज करता येत नाही. कुटुंबाचा अर्ज एकच असतो, म्हणून नकारही सगळ्यांना येतो. आणि अधिकारी जुन्या कंपनीला थेट विचारू शकतात. ज्या कंपनीशी आमचं भांडण, तिलाच विचारलं असतं, "हे पत्र तुमचं का?" उत्तर काय आलं असतं ते सांगायला नको.

मालकानं पत्र दिलं नाही तर त्या जागी खुलाशाचं पत्र आणि दुसरे पुरावे जोडता येतात, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. जागा रिकामी मात्र सोडायची नाही, नाहीतर अर्ज अपुरा म्हणून परत येतो. आम्ही घर पालथं घातलं. मंत्रालयात नोंदलेला करार आणि नेमणूक पत्र सापडलं. पासपोर्टवरचा व्हिसा आणि तो रद्द केल्याचा कागद सापडला. पगार नियमाप्रमाणे बँकेतूनच व्हायचा, म्हणून सात वर्षांचं बँक स्टेटमेंट मिळालं. पगाराच्या स्लिपा अर्ध्याच होत्या, त्या अर्ध्या लावल्या. कंपनीचा दोन ओळींचा दाखलाही लावला. तो अपुरा होता, पण खरा होता.

मग साक्षीदार. ह्यांचे जुने साहेब ती कंपनी सोडून दुसरीकडे गेले होते. त्यांनी आणि एका सहकाऱ्यानं शपथपत्रं दिली. आम्ही त्यांना मजकूर दिला नाही. हे आठवड्याला किती तास काम करायचे, ड्रॉइंग कोण तपासायचं, लोडचा हिशेब कोण करायचं, ते त्यांनी आपापल्या शब्दांत लिहिलं. दोघांनी स्वतः त्या कंपनीत असल्याचा पुरावा आणि ओळखपत्राची प्रतही जोडली. दोन शपथपत्रं शब्दाला शब्द सारखी असती तर कुणालाही शंका आली असती.

खुलाशाचं पत्र लिहायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. पहिल्या खर्ड्याची चार पानं झाली. त्यात आमचा सगळा संताप होता. नणंदेनं फोनवर ऐकलं आणि म्हणाली, "वहिनी, त्यांना तुमचं भांडण सोडवायचं नाही. काम केलं की नाही, एवढंच बघायचं आहे." मग दीड पान उरलं. पत्र कधी कधी मागितलं त्या तारखा आणि ईमेलच्या प्रती. वाद कशाबद्दल झाला ते दोन वाक्यांत, तक्रारीच्या क्रमांकासह. तो मिटल्याचा कागद. करारातला पगार आणि बँकेत आलेला पगार २०२० पासून का जुळत नाही, त्याचं कारण. शेवटी कोणती गोष्ट कोणत्या कागदावरून सिद्ध होते, त्याची यादी. कंपनीला एकही वाईट शब्द नाही. हे सगळं एकाच फाइलमध्ये बसवायचं होतं आणि फाइल ४ एमबीच्या आत हवी, म्हणून स्कॅन करून लहान करण्यातच दोन रात्री गेल्या.

ते पाच बेकारीचे महिनेही आम्ही बेकारी म्हणूनच लिहिले. दहा वर्षांच्या इतिहासात एकाही महिन्याची फट चालत नाही, पण बेकारी हा काही गुन्हा नाही. पगारासाठी तक्रार केली का, असा प्रश्न त्या अर्जात नाही. प्रश्न आहेत ते गुन्ह्याबद्दल, नाकारलेल्या व्हिसाबद्दल, हद्दपारीबद्दल. पोलिसांचा दाखला मात्र गेल्या दहा वर्षांत जिथे सलग सहा महिने राहिलात त्या प्रत्येक देशाचा लागतो, आणि सोडलेल्या देशाचा दाखला तिथून निघाल्यानंतरचा असावा लागतो. त्याची धावपळ लवकर सुरू करावी.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अर्ज गेला. मे महिन्यात खात्याचा निरोप आला: दुबईच्या नोकरीबद्दल आणखी काही पुरावा असल्यास द्या. आमचे हातपाय गार पडले. मग ह्यांना साइटच्या तपासणी अहवालांची आठवण झाली. त्यांवर ह्यांचं नाव, सही आणि तारीख होती, आणि सहकाऱ्याकडे प्रती होत्या. ते पाठवले. सप्टेंबरात मंजुरी आली. मगरिबची नमाज झाली होती, अब्बा जानमाजवरच बसले होते. त्यांना सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. नुसते हात वर केले.

वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्या घरातलं कुणी आखातात असेल तर त्याला आजच सांगा. दर वर्षी, नोकरी सुरू असतानाच, कामाच्या तपशिलासह आणि तासांसह पत्र घ्या. स्लिपा आणि करार स्वतःच्या ईमेलवर ठेवा, कंपनीच्या नको. पगार कापला तर लेखी मागा. पैसे हाती येण्याआधी "सर्व मिळालं" म्हणून सही करू नका. सल्लागार लागलाच तर तो कॅनडाच्या इमिग्रेशन सल्लागारांच्या कॉलेजचा परवानाधारक किंवा तिथला वकील आहे का ते बघा. परवानाधारकांची नावं कॉलेजच्या यादीत कुणालाही तपासता येतात. आणि हक्कासाठी तक्रार केली म्हणून पुढचा रस्ता बंद होईल, ह्या भीतीनं गप्प बसू नका. आमचा रस्ता तक्रारीमुळे बंद झाला नाही. खोट्या शिक्क्यानं नक्की झाला असता.

आता आम्ही मिसिसागाला आहोत. अब्बा मुंब्र्यालाच, मोठ्या दिरांकडे. पेटी त्यांनी द्यायला नकार दिला, म्हणून इथे आम्ही नवी घेतली आहे. ह्यांच्या नोकरीला सहा महिने झाले तेव्हा अब्बांचा फोन आला. तब्येत, मुलं, थंडी, सगळं विचारून झालं. मग म्हणाले, "साहेब खूश आहे ना? मग पत्र घेतलंस का?"

ह्यांनी त्याच आठवड्यात घेतलं.