उंबरठ्यावर किती वर्षे?

कल्याण स्थानक सोडून कर्जतच्या दिशेने निघालेली लोकल विठ्ठलवाडीस पोहोचली की डब्यातील बोलण्यात मराठीच्या जोडीने सिंधी कानी पडू लागते. रोज ये-जा करणाऱ्या ठाणेकर वा डोंबिवलीकर चाकरमान्यास त्यात काही विशेष वाटत नाही, आणि वाटू नये हेच योग्य. परंतु ही सहजता आपोआप आलेली नाही. तिच्यामागे देशाची फाळणी आहे, एक ओस पडलेली लष्करी छावणी आहे आणि, ज्याचा सहसा कोणी उल्लेख करीत नाही असे, राज्यघटनेचे एक कलमही आहे. त्या कलमाचे आज स्मरण देणे आम्हांस अगत्याचे वाटते. कारण ज्या भूमीवर लाखभर निर्वासित बघता बघता नागरिक झाले, त्याच भूमीवर त्यांचेच मागाहून आलेले आप्त वर्षानुवर्षे कागदाची वाट पाहत बसले आहेत.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ सैन्यासाठी जी छावणी उभारली गेली, तिच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांस आसरा देण्यात आला. सिंध हा १९३६ सालापर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता. तेव्हा हे लोक एका अर्थी आपल्याच इलाख्यात आले होते. परंतु अंगावरच्या वस्त्रांनिशी आलेल्या माणसास असल्या इतिहासाचा काय आधार? गोणपाटाचे पडदे लावून एकेका बराकीत अनेक संसार थाटले गेले. ता. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते ह्या वसाहतीची नगर म्हणून स्थापना झाली आणि उल्हास नदीवरून तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. पुढे येथे तयार होणाऱ्या मालावरील ‘यूएसए’ ह्या अक्षरांची थट्टा आपण सर्वांनीच केली. पण ज्या समाजाने पाच ‘कॅम्पां’तून एक उद्योगनगरी उभी केली, त्याची उमेद थट्टेच्या पलीकडची होती, हे मान्य करावयास हवे.

ह्या उमेदीला पाय रोवण्यास भूमी मिळाली ती कायद्यामुळे. उल्हासनगरच्या स्थापनेनंतर अवघ्या दोनच दिवसांनी, ता. १० ऑगस्ट १९४९ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीपुढे नागरिकत्वाची कलमे मांडली. एखादा अपवाद सोडला तर मसुदा समितीला इतकी डोकेदुखी दुसऱ्या कोणत्याच कलमाने दिली नाही, अशा आशयाचे उद्गार त्यांनी त्या वेळी काढले होते. डोकेदुखी होती ती पाकिस्तानातून येणाऱ्या व तिकडे जाऊन परतणाऱ्या माणसांविषयीची. तिच्यातून जे सहावे कलम सिद्ध झाले ते कोणाही सामान्य माणसास समजावे इतके सुबोध आहे. स्वतः अर्जदार, त्याचे आईबाप वा आजोबा-आजी यांपैकी कोणी अखंड हिंदुस्थानात जन्मलेले असावे. तो १९ जुलै १९४८ पूर्वी आला असेल तर येथे सतत राहत असणे पुरेसे. त्यानंतर आला असेल तर सहा महिन्यांच्या वास्तव्यानंतर अर्ज करून नोंदणी करून घ्यावी. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. राज्यघटना २६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आली; नागरिकत्वाची कलमे मात्र दोन महिने आधी, २६ नोव्हेंबर १९४९ पासूनच लागू झाली. इतर हक्कांची भाषा बोलण्यापूर्वी माणसाला आपण कोठले हे कळले पाहिजे, असाच त्याचा अर्थ नव्हे काय?

पुढे हा दरवाजा अरुंद होत गेला. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने भारतीय वंशाच्या व्यक्तीस नोंदणीसाठी सहा महिन्यांचे वास्तव्य पुरेसे मानले होते. १९८६ साली त्याची पाच वर्षे झाली, २००३ च्या दुरुस्तीने सात वर्षे. विनापरवाना आलेल्या वा मुदतीबाहेर राहिलेल्या माणसास नोंदणीचा मार्गच बंद झाला. येथे जन्मलेल्या मुलांचेही तेच. १ जुलै १९८७ पूर्वी ह्या भूमीवर जन्म झाला एवढ्याने, थोडे अपवाद वगळता, मूल भारतीय ठरत असे. त्यानंतर आईबापांपैकी एकाचे नागरिकत्व आवश्यक झाले. ३ डिसेंबर २००४ पासून तर दुसरा पालक ‘बेकायदा स्थलांतरित’ नसावा अशीही अट आली. ह्या दुरुस्त्यांमागे आसामसारख्या सीमाप्रांतांतील खरीखुरी चिंता होती, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु तिचा परिणाम असा की, उल्हासनगरच्या रुग्णालयात जन्मलेले, कल्याणच्या शाळेत शिकलेले मूलही आईबापांचा कागद झाला नाही तर परदेशीच राहते.

आम्ही शिक्षकी पेशात होतो त्या काळची, गेल्या शतकाच्या अखेरची, एक आठवण आहे. दहावीचे अर्ज भरून घेण्याचे काम आमच्याकडे होते. वयाच्या सहाव्या वर्षी आईबापांबरोबर सिंधमधून आलेली, मराठी निबंधात वर्गात पहिली येणारी एक मुलगी ‘राष्ट्रीयत्व’ ह्या रकान्यापाशी थांबली. “सर, इथे काय लिहू?” असे तिने विचारले. आम्ही चटकन म्हणालो, “भारतीय लिही.” त्यावर ती हळूच म्हणाली, “पण कागद आला नाही अजून. खोटं होईल ना, सर?” तिने रकाना कोरा सोडला आणि कारकुनाने अर्ज परत पाठविला. नागरिकशास्त्राचा धडा आम्ही त्या वर्गाला त्याच आठवड्यात शिकविला होता. तो आमच्या तोंडून किती पोकळ निघाला असेल, हे आम्हांस त्या दिवशी कळले.

अशा माणसांजवळ जो कागद असतो तो दीर्घ मुदतीच्या व्हिसाचा. तो ठरावीक काळाचा असतो आणि पुनःपुन्हा वाढवून घ्यावा लागतो. जुलै २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ह्या लोकांच्या काही अडचणी दूर केल्या, हे सांगितलेच पाहिजे. बँकेत खाते, पॅन व आधार, वाहन चालविण्याचा परवाना, राहण्यापुरते घर ह्या गोष्टी त्यांना मिळू शकतील असे ठरले व नागरिकत्वाच्या नोंदणीचे शुल्क हजारोंवरून शंभर रुपयांवर आणले गेले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातून आलेल्या अल्पसंख्याकांना नागरिकत्व देण्याचे अधिकार काही निवडक जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपविले गेले. महाराष्ट्रात नागपूर, मुंबई, पुणे यांच्या जोडीला ठाण्याचे नाव त्या यादीत होते. तथापि मत नाही, पासपोर्ट नाही, सरकारी नोकरी नाही, आणि प्रवासावर नियमांचे बंधन. पहलगामच्या २२ एप्रिल २०२५ च्या हत्याकांडानंतर सरकारने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द केले, तेव्हा हिंदूंना पूर्वी दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा कायम राहतील असा खुलासा झाला. पण तो खुलासा हाती येईपर्यंत ह्या घरांतील चुली कशा पेटल्या असतील, याची कल्पनाच केलेली बरी. ज्यांच्या अत्याचारांस कंटाळून देश सोडला, त्यांच्याच देशाचे म्हणून आपली मोजदाद व्हावी, याहून क्रूर थट्टा ती कोणती?

२०१९ च्या दुरुस्ती कायद्याने ह्या कोंडीतून एक वाट काढली. वरील तीन देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती लोकांना ‘बेकायदा’ ह्या शिक्क्यातून मुक्त केले गेले आणि देशीयकरणासाठी अकरा वर्षांऐवजी पाच वर्षांचे वास्तव्य पुरेसे मानले गेले. नियम मात्र ११ मार्च २०२४ रोजी, म्हणजे चार वर्षांहून अधिक काळाने, निघाले. ते निघाले तेव्हा बरेच समंजस होते. मुदत संपलेला पासपोर्टही पुरावा म्हणून चालेल, जिल्हा समितीवर टपाल खात्याचा अधिकारी प्रमुख असेल, अशा तरतुदी त्यांत आहेत. दिल्लीत १५ मे २०२४ रोजी पहिल्या चौदा जणांना प्रमाणपत्रेही दिली गेली. ह्याचे आम्ही स्वागत करतो. पण जो कायदा छळ झालेल्यांसाठी म्हणून आला, त्याने छळाचा निकष न लावता धर्म व देश यांची यादी का लावली, हा प्रश्न आम्ही विचारल्यावाचून राहू शकत नाही. १९८३ पासून तामिळनाडूत आश्रय घेत आलेले श्रीलंकेचे तामिळ त्या यादीत नाहीत. पाकिस्तानात छळ सोसणारे अहमदियाही नाहीत. आणि २०१५ च्या जानेवारीत सीमा ओलांडणाऱ्या सिंधी हिंदूचे दुःख आदल्या महिन्यात आलेल्या त्याच्या भावापेक्षा कमी कसे? १ सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने ह्याच समाजांतील ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्यांना शिक्षेपासून सूट मिळाली. पण शिक्षा न होणे निराळे आणि नागरिक होणे निराळे.

ह्या प्रश्नाची दुसरी बाजूही आमच्याच जिल्ह्यात दिसली आहे. जून २०२५ मध्ये मिरा रोड परिसरातून ताब्यात घेतलेल्या, मूळच्या पश्चिम बंगालच्या एका मजुराची रवानगी थेट बांगलादेशात झाली आणि त्या राज्याच्या सरकारने धाव घेतल्यावर त्यास परत आणावे लागले. घुसखोरीचा बंदोबस्त झालाच पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु आपण परदेशी नाही हे शाबीत करण्याचा भार कायद्याने माणसावरच टाकलेला असताना चौकशीतील घाई किती महाग पडते, ते ह्या उदाहरणावरून दिसते. नुसत्या संशयावर हा भार टाकता येत नाही, आधी सरकारजवळ काही आधार हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये आसामच्या एका खटल्यात बजावलेच आहे. त्याही आधी, १९९६ साली, अरुणाचलातील चकमांच्या प्रकरणात न्यायालयाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या: जीविताचे घटनादत्त संरक्षण परक्या माणसासही आहे, आणि नागरिकत्वासाठी आलेला अर्ज स्थानिक अधिकाऱ्यास दाबून ठेवता येत नाही, तो पुढे पाठविलाच पाहिजे.

देश म्हणजे धर्मशाळा नव्हे, असे यावर कोणी म्हणेल. आम्हीही तसेच म्हणतो. कोणास आत घ्यावे हे ठरविण्याचा अधिकार राष्ट्राचाच आहे, आणि नकार देण्याचाही. आमचा आग्रह इतकाच की होकार असो वा नकार, तो वेळेत व कारणासह मिळावा. धर्मशाळेतसुद्धा पाहुण्यास किती दिवस राहता येईल ते पहिल्या दिवशी सांगतात. माणसाला उंबरठ्यावर उभे करून ठेवायचे, त्याच्याकडून काम घ्यायचे, कर घ्यायचा, आणि तू घरचा की बाहेरचा ह्याचे उत्तर वीस वर्षे द्यायचे नाही, ही रीत कोणत्याही सभ्य गृहस्थाश्रमात बसत नाही.

हे दुःख आमच्या वाचकांस परके वाटू नये. ठाण्या-डोंबिवलीच्या कित्येक घरांतील मुले आज अमेरिकेत आहेत. तेथे दरसालच्या नोकरीनिमित्त कायम वास्तव्याच्या परवान्यांत कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारणतः सात टक्क्यांहून अधिक जागा येत नाहीत. म्हणून उच्चशिक्षित भारतीयांची रांग वर्षानुवर्षे सरकत नाही. लहानपणी आईबापांबरोबर गेलेला नातू एकवीस वर्षांचा झाला की त्यांच्या व्हिसाचे छत्र त्याच्या डोक्यावरून निघून जाते. दूरध्वनीवर हे ऐकून ज्या आजीच्या पोटात कालवते, तिने खिडकीतून उल्हासनगरकडे एकदा पाहावे. तेथेही कोणाची तरी नात असाच निरोप ऐकत असेल.

तेव्हा करावयाचे काय? ठाण्याच्या जिल्हा प्रशासनाने व केंद्र सरकारने चार गोष्टी कराव्यात असे आम्ही सुचवितो. प्रत्येक अर्जाची पावती द्यावी आणि निर्णय कोणत्या तारखेपर्यंत होईल ते त्याच पावतीवर छापावे. लागणाऱ्या कागदांची यादी मराठी, हिंदी व सिंधीत कचेरीच्या भिंतीवर लावावी, म्हणजे दलालाचे काम उरणार नाही. येथे जन्मलेल्या वा बालपणीच आलेल्या मुलांचे अर्ज आधी निकालात काढावेत. देशांतराचा निर्णय त्यांनी घेतलेला नव्हता. आणि परकेपणाच्या संशयावरून कोणाचीही रवानगी करण्यापूर्वी त्याच्या गावाकडून लेखी खातरजमा होऊन त्यास आपली बाजू मांडण्याची संधी मिळावी. संसदेकडून आमची अपेक्षा याहून मोठी आहे. आश्रितांविषयी एक सर्वसाधारण कायदा ह्या देशात आजवर झालेला नाही. ज्यात छळ हा निकष असेल व तारखा सोयीप्रमाणे बदलणार नाहीत, असा कायदा तिने करावा.

१९४९ साली आपला देश दरिद्री होता, अन्नाची टंचाई होती, फाळणीच्या जखमा ओल्या होत्या. तरीही कल्याणच्या बराकींतील माणसाला सहा महिन्यांत आपण कोण ते सांगण्याइतके मनाचे मोठेपण त्या पिढीने दाखविले. आज आपल्याजवळ संगणक आहेत, कचेऱ्या आहेत, समित्या आहेत. शाळेच्या अर्जातील तो एक रकाना वेळेवर भरून देणे आपल्याला खचितच अशक्य नाही.