धक्का तोच, शिक्षा मात्र वेगळी!

२३ जानेवारी २०२५. नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर महाराष्ट्राचा रणजी संघ बडोद्याविरुद्ध उतरला, तेव्हा अनुभवी फलंदाज अंकित बावणे संघात नव्हता. कारण दुखापतीचे नव्हते. तो एका सामन्याच्या बंदीची शिक्षा भोगत होता.

नोव्हेंबर २०२४ मध्ये पुण्यात सेनादलाविरुद्धच्या सामन्यात त्याला स्लिपमध्ये झेलबाद ठरविण्यात आले होते. चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हातात जाण्यापूर्वी जमिनीला टेकला, असे त्याचे म्हणणे होते. पंचांच्या निर्णयाचा फेरविचार करण्याची तांत्रिक सोय त्या सामन्यात नव्हती. बावणेने मैदान सोडण्यास नकार दिला आणि खेळ सुमारे १५ मिनिटे खोळंबला. पुढे ऋतुराज गायकवाडने या झेलाची चित्रफीत समाजमाध्यमावर टाकून निर्णयाबद्दल जाहीर आश्चर्य व्यक्त केले. बावणेचे वर्तन समर्थनीय नव्हते, हे मान्य केले तरी त्याने कोणाला बोटही लावले नव्हते, हेही तितकेच खरे.

याच मोसमात, २६ डिसेंबर २०२४ रोजी मेलबर्न कसोटीत विराट कोहलीने १९ वर्षांच्या सॅम कॉन्स्टासला खांद्याने धक्का दिला. सामनाधिकारी अँडी पायक्रॉफ्ट यांनी कोहलीच्या मानधनातून २० टक्के रक्कम कापली आणि एक दोषांक दिला. पुढच्या कसोटीत तो नेहमीप्रमाणे खेळला. एक प्रकरण भारतीय मंडळाच्या नियमांखालचे, तर दुसरे आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या म्हणजे आयसीसीच्या. त्यामुळे ही तुलना तंतोतंत नाही. तरीही सामान्य प्रेक्षकाला पडणारा प्रश्न साधा आहे. पंचांशी हुज्जत घातली तर सामना हुकतो आणि प्रतिस्पर्ध्याच्या अंगाला अंग भिडवले तर केवळ खिसा हलका होतो, हे कसे?

नियम काय सांगतो?

आयसीसीच्या आचारसंहितेत गुन्ह्यांच्या चार पातळ्या आहेत. पहिल्या पातळीला ताकिदीपासून मानधनाच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड आणि एक किंवा दोन दोषांक. दुसऱ्या पातळीला तीन किंवा चार दोषांक. २४ महिन्यांत चार दोषांक साचले, की त्यांचे रूपांतर बंदीत होते आणि खेळाडूला एका कसोटीला किंवा दोन मर्यादित षटकांच्या सामन्यांना मुकावे लागते. दोषांकांची ही पद्धत २०१६ पासून लागू आहे.

कागदावर हे गणित चोख दिसते. अडचण पातळी ठरविताना येते. धक्का जाणूनबुजून दिला, बेपर्वाईने लागला, की टाळता येण्याजोगा नव्हता, हे सामनाधिकाऱ्याने ठरवायचे असते. खेळाडूने आरोप मान्य केला तर रीतसर सुनावणीही होत नाही.

हेतूचा पेच

मार्च २०१८ मध्ये पोर्ट एलिझाबेथ कसोटीत कॅगिसो रबाडाचा खांदा स्टीव्ह स्मिथला लागला. सामनाधिकाऱ्यांनी तो दुसऱ्या पातळीचा गुन्हा ठरवून ५० टक्के दंड आणि तीन दोषांक दिले. रबाडाच्या नावावर आधीचे पाच दोषांक होते. एकूण आठ झाल्याने त्याच्यावर दोन कसोटींची बंदी आली. त्याने अपील केले. हा स्पर्श हेतुपुरस्सर होता याबद्दल अपील अधिकारी मायकेल हेरॉन यांची खात्री पटली नाही. शिक्षा २५ टक्के दंड आणि एका दोषांकावर आली आणि रबाडा पुढच्या कसोटीत खेळला. चित्रफीत तीच, नियमही तोच. फक्त ‘हेतुपुरस्सर’ या एका शब्दाच्या अर्थाने दोन कसोटींचा फरक पडला.

महाराष्ट्राच्या क्रिकेटरसिकांना नागपूरची आठवण असेल. नोव्हेंबर २००८ मध्ये जामठ्याच्या नव्या स्टेडियमवरील पहिल्याच कसोटीला गौतम गंभीर मुकला. त्याआधीच्या दिल्ली कसोटीत द्विशतक करताना त्याने शेन वॉटसनला कोपर मारले होते. त्याबद्दल त्याच्यावर एका कसोटीची बंदी आली, तर डिवचणाऱ्या वॉटसनला १० टक्के दंड झाला. गंभीरचे अपीलही फेटाळले गेले. त्यापूर्वी नोव्हेंबर २००७ मध्ये कानपूरच्या एकदिवसीय सामन्यात त्याची शाहीद आफ्रिदीशी टक्कर झाली होती. तेव्हा आफ्रिदीला ९५ टक्के आणि गंभीरला ६५ टक्के दंड झाला. सामना कोणाचाच हुकला नाही. वर्षभराच्या आत पुन्हा तसेच घडले, हा मुद्दा दिल्लीच्या वेळी गंभीरच्या विरोधात जाणारा होता. मेलबर्नला कोहलीचा धक्का गाजला तेव्हा भारताचा प्रशिक्षक हाच गंभीर होता, हा एक योगायोग.

टोकाचा प्रसंग

देशांतर्गत क्रिकेटमधील सर्वांत भीषण प्रसंग जानेवारी १९९१ मधला. जमशेदपूर येथे दुलीप करंडकाच्या अंतिम सामन्यात पश्चिम विभागाचा गोलंदाज रशीद पटेल यष्टी उपसून उत्तर विभागाच्या रमण लांबावर धावून गेला. पटेलवर १३ महिन्यांची, तर लांबावर १० महिन्यांची बंदी आली. मात्र अशा खेळाडूला त्याच क्षणी मैदानाबाहेर काढण्याची तरतूद क्रिकेटच्या नियमांत यायला २०१७ साल उजाडले. कबड्डीत पिवळे कार्ड दिसताच खेळाडू दोन मिनिटे बाहेर बसतो आणि लाल कार्डावर त्याचा सामनाच संपतो. क्रिकेटमध्ये बहुतेक शिक्षा खेळ संपल्यावर जाहीर होते आणि ज्या संघाचे नुकसान झाले, त्याच्या पदरात काहीच पडत नाही.

बर्फावरचा धडा

हाच वाद उत्तर अमेरिकेच्या आइस हॉकीत कितीतरी तीव्र आहे. तिथे अंगावर धडकणे हा खेळाचाच भाग. पण डोक्यावर होणारा आघात आयुष्यभराचे दुखणे देऊ शकतो. मार्च २००४ मध्ये टॉड बर्टुझीने स्टीव्ह मूरला मागून ठोसा मारून बर्फावर पाडले. मूरच्या मानेचे मणके मोडले आणि त्याची कारकीर्द तिथेच संपली. २०११ मध्ये तिथल्या नॅशनल हॉकी लीगने खेळाडूंच्या सुरक्षेसाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. बंदी घातली, की हा विभाग त्या धडकेची चित्रफीत दाखवून नियम कुठे मोडला, इजा किती झाली आणि खेळाडूचा पूर्वेतिहास काय, हे सांगतो. शिक्षांमधील विसंगतीबद्दलची टीका तिथेही थांबलेली नाही. पण निदान टीका कशावर करायची, हे लोकांना ठाऊक असते.

क्रिकेटलाही हा प्रश्न परका नाही. उसळत्या चेंडूने नोव्हेंबर २०१४ मध्ये फिलिप ह्यूजचा बळी घेतला, तो चेंडू नियमात बसणारा होता. कमरेच्या वर थेट येणारा फुलटॉस ‘नो-बॉल’ ठरतोच. परंतु तो धोकादायक होता का आणि गोलंदाजाला ताकीद द्यायची का, हे पंचांच्या अंदाजावर सोपविलेले आहे. ताकिदीनंतर पुन्हा तसाच धोकादायक चेंडू टाकला, तर गोलंदाजाची गोलंदाजी थांबते. म्हणजे एका पंचाचे औदार्य दुसऱ्या फलंदाजाच्या डोक्याशी खेळू शकते.

सामनाधिकाऱ्याचा विवेक पूर्णपणे काढून घेणे शक्य नाही. दोन प्रसंग कधीच हुबेहूब सारखे नसतात. पण निर्णयामागची कारणे लेखी आणि चित्रफितीसह जाहीर करणे शक्य आहे. शारीरिक संपर्काच्या गुन्ह्याला किमान शिक्षा ठरविणे आणि देशांतर्गत स्पर्धांसाठीही तीच मोजपट्टी वापरणे शक्य आहे. मैदानावर सराव करणारी शाळकरी मुले नियमपुस्तक वाचत नाहीत. कोणाला काय केल्यावर काय शिक्षा झाली, एवढेच ती पाहतात आणि त्यावरूनच शिकतात.