मूलपेशींची पिशवी आणि परिचारिकेची दक्षता

भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले. रक्ताचा कर्करोग झालेल्या एका बालिकेला तिच्या भावाची मज्जा देण्यात आली. तीन वर्षांनी वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात हे उपचार सुरू झाले आणि कुंभकोणमसारख्या कावेरीकाठच्या गावांनाही ते पुष्कळ जवळ आले.

रोपण म्हटले की शस्त्रक्रिया डोळ्यांपुढे येते. वस्तुतः रुग्णाच्या अंगाला शस्त्र लागतच नाही. छातीजवळच्या मोठ्या शिरेत बसविलेल्या नळीवाटे मूलपेशी रक्तात सोडल्या जातात आणि त्या आपण होऊन हाडांतील मज्जेत जाऊन वसतात. पाहणाऱ्याला हे रक्त चढविण्यासारखेच वाटते. परंतु तीव्र औषधांनी रुग्णाची स्वतःची मज्जा त्यापूर्वीच नष्ट केलेली असते. हाती असलेली पिशवी वाया गेली, तर तशी दुसरी बहुधा मिळत नाही. म्हणूनच हे काम करणाऱ्या परिचारिकेवर मोठी जबाबदारी येते.

रुग्णाच्याच मूलपेशी काढून त्याला परत द्यावयाच्या असतील, तर त्या बहुधा द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांच्या सुमारास, गोठवून ठेवतात. गोठताना पेशी फुटू नयेत म्हणून त्यांत डायमिथिल सल्फॉक्साइड नावाचे द्रव्य मिसळतात. गोठलेल्या पेशींचे हे रक्षक द्रव्य पिशवी वितळल्यावर मात्र त्यांना अपायकारक ठरते. यास्तव ३७ अंशांच्या कोमट पाण्यात पिशवी वितळताच ती विलंब न लावता द्यावी लागते. दुसरीकडे, ती फार वेगाने दिली तर रुग्णाला मळमळ, छातीत दडपण, रक्तदाबातील चढउतार किंवा नाडी मंदावणे असे त्रास होऊ शकतात. परिचारिकेचे कौशल्य या दोहोंचा मेळ घालण्यात आहे.

हा मेळ साधण्याचे उपाय साधेच आहेत. दोन परिचारिकांनी रुग्णाचे नाव, क्रमांक आणि पिशवीवरील नोंद स्वतंत्रपणे पडताळावी. पिशव्या अनेक असतील, तर एक देऊन झाल्यावरच दुसरी वितळवावी. नळीत मिठाच्या सलाईनवाचून दुसरे औषध मिसळू नये. पांढऱ्या पेशी अडविणारी गाळणी कदापि लावू नये, कारण तीत मूलपेशीच अडकून पडतील. मळमळ व वावडे यांवरील औषध आधी द्यावे, प्राणवायू हाताशी ठेवावा, आरंभी वेग मंद ठेवून नाडी व रक्तदाब वरचेवर पाहावा, आणि त्रास दिसताच वेग कमी करून डॉक्टरांना बोलवावे.

आणखी एक उपाय शब्दांचा आहे. त्या द्रव्यामुळे रुग्णाच्या श्वासाला एकदोन दिवस लसणासारखा वास येतो. लघवी क्वचित लालसर होते. हे आधी न सांगितल्यास रुग्ण घाबरतो आणि नातलग धास्तावतात. आधी सांगितले, तोंडात संत्र्याची फोड दिली, तर तीच घटका सुसह्य होते.

पेशी रुजल्याची खूण रक्तात दिसावयास बहुधा दोनतीन आठवडे लागतात. तोवर रुग्णाने वाट पाहावयाची असते. ती वाट पाहण्याजोगी राहावी, याची तजवीज पिशवी टांगली असताना शेजारी उभ्या असलेल्या परिचारिकेच्या दक्षतेनेच होते. हे कौशल्य एखादीच्या अनुभवापुरते न ठेवता लेखी नियमांनी आणि नियमित सरावाने प्रत्येकीला शिकविणे, हीच खरी सुधारणा होय.