मनोऱ्याच्या टोकावरची पोर

मे अखेरीस मी निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात एका वक्त्यांनी माझी कामगिरी सांगताना एकच गोष्ट पुन्हापुन्हा उचलून धरली : बाईंच्या काळात शाळेने किती प्रमाणपत्रं आणली. रोज मैदानावर किती मुलं यायची, त्यांत मुली किती, हायस्कूलला आल्यावर पहिल्यांदाच धावलेल्या किती, यातलं काही नाही. भाषण चांगल्या मनाने केलेलं होतं, म्हणून तर जास्त लागलं. त्या कागदांपैकी पुष्कळसे कसे आले हे मी जवळून पाहिलं आहे. नोकरीत असताना जे अर्धवट बोलले ते आता सविस्तर लिहिते.

अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकून मी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लातूर जिल्ह्यात नोकरीला लागले, पुढे लग्नानंतर नांदेडला आले. पहिल्या पंधरा-सोळा वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. खो-खो, कबड्डी, लेझीम, डंबेल्स, घुंगूरकाठी. पंधरा ऑगस्ट, सतरा सप्टेंबर, सव्वीस जानेवारी. किल्लारीच्या भूकंपाचं वर्ष सोडलं तर सगळी वर्षं एकसारखी गेली. मनोरे तेव्हाही व्हायचे. तीन थर, खाली खणून भुसभुशीत केलेली माती, दोन्ही बाजूंना हात पसरून उभी मोठी मुलं, आणि मी. ज्या संस्थेने १९३६ साली बर्लिनला मल्लखांबाचं पथक नेलं होतं, तिथे आम्हाला आधी उतरायला शिकवलं, मग चढायला. वरच्या पोराने झेंडा फडकवला की शिट्टी, आणि ज्या क्रमाने चढले त्याच्या उलट क्रमाने खाली. या कामाचं प्रमाणपत्र कधी कुणाला मिळालं नाही, कुणी मागितलंही नाही.

सगळं फिरलं ते २००८ नंतर. त्या एप्रिलमध्ये आयपीएल सुरू झाली आणि सीमारेषेवर नाचणाऱ्या परदेशी मुली घरोघरच्या टीव्हीवर दिसू लागल्या. मुंबईत त्यांच्या कपड्यांवरून वाद पेटला, मंत्री बोलले. त्या मुली मूळच्या कोणत्या खेळातून आल्या, त्या खेळात काय करावं लागतं, हे मात्र कुणी विचारलं नाही. त्याच वर्षी नांदेडला गुरुतागद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला, रस्ते रुंद झाले, शहराचं रूप पालटलं. पाठोपाठ टीव्हीवर नाचाच्या स्पर्धांचा पूर आला. दोन-तीन वर्षांत श्यामनगरपासून तरोडा नाक्यापर्यंत आणि तिकडे लातूरला औसा रोडला दुकानांच्या वरच्या मजल्यांवर अकॅडम्या उघडल्या. नाच, एरोबिक्स, स्टंट, पिरॅमिड. फरशीवर सतरंजी, भिंतीला आरसा, कोपऱ्यात स्पीकर. शिकवणारा बहुतेक वेळा विशी-बाविशीतला, स्वतः कुठल्यातरी टीव्ही कार्यक्रमाच्या चाचणीला जाऊन आलेला. पोरं हुशार होती, मेहनती होती. पण पडणाऱ्याला झेलायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

आयपीएलच्या सीमारेषेवर दिसलं ते चिअरलीडिंगचं फक्त वरवरचं रूप. अमेरिकेत त्याची एक स्पर्धात्मक शाखा आहे, ऑल स्टार म्हणतात. तिचा शाळेशी संबंध नाही, सामन्याशीही नाही. खाजगी जिममध्ये फी भरून तयारी करायची आणि मॅटवर अडीच मिनिटांत उड्या, कोलांट्या, मनोरे आणि माणूस हवेत फेकून झेलणं असं सगळं बसवायचं. खालच्या मुलींना बेस म्हणतात, वर जाणारीला फ्लायर. १९७४ साली जेफ वेब यांनी सुरू केलेल्या व्हर्सिटी या कंपनीने पुढे हा सगळा व्यवहार व्यापला. स्पर्धा तिच्या, गणवेश तिचे, शिबिरं तिची, आणि ठरवून दिलेल्या हॉटेलातच उतरा अशी अट. पालक आणि जिमवाले मक्तेदारीविरुद्ध कोर्टात गेले आणि २०२४ साली एका दाव्यात कंपनीने ८ कोटी २५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. टीव्हीमुळे देशभर गाजलेल्या जेरी हॅरिस नावाच्या चिअरलीडरला अल्पवयीन मुलांच्या लैंगिक शोषणाच्या गुन्ह्यात २०२२ मध्ये बारा वर्षांची शिक्षा झाली. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या खेळाला पूर्ण मान्यता दिली ती २०२१ साली. तोवर तिकडची दोन पिढ्यांची पोरं हाडं मोडून घेऊन मोठीही झाली होती.

हे वाचत गेले तेव्हा मला अमेरिका दिसली नाही, माझं नांदेड दिसलं. कंपनी एवढी मोठी नाही, डॉलर नाहीत. मांडणी तीच.

आपल्याकडे शालेय स्पर्धांच्या यादीत खेळ वाढत वाढत नव्वदीच्या आसपास गेले. त्यांतले निम्म्याहून अधिक पालकांनी कधी पाहिलेले नसतात. खेळ वाढले याचं मला दुःख नाही. नवा खेळ आला की एखाद्या लाजऱ्या पोराला जागा सापडते. पण खेळामागे संघटना येते, एका खेळाच्या दोन-दोन, तीन-तीन येतात आणि प्रत्येकीची स्वतःची 'राष्ट्रीय' स्पर्धा असते. निवड चाचणीचे पैसे, प्रवेशिकेचे पैसे, किटचे, ट्रॅकसूटचे, राहण्याजेवणाचे. माझ्या माहितीतल्या पालकांनी एकेका दौऱ्याला पाच-सात हजार मोजले. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे येत होती, आणि त्याच महिन्यात लातूरचे पालक असे पैसे भरत होते. इकडे नांदेडच्या मोंढ्यात हमाली करणाऱ्या एका बापाला मी विचारलं, कशाला भरले? तो म्हणाला, "काय करावं मॅडम, सर म्हनले कागद लागतो भरतीला. पोरीला नौकरी लागंल म्हनून भरले."

त्याचं चुकलं नव्हतं. दहावी-बारावीला खेळाचे जास्तीत जास्त २५ वाढीव गुण मिळतात. सरकारी नोकरीत २००५ पासून खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. २०१६ च्या जुलैत त्याचे नियम नव्याने लिहिले गेले. लातूर-नांदेडकडे पुरेसे कारखाने नाहीत, पावसाचा भरवसा नाही. पहाटे पाचला कुठल्याही मैदानावर जा, सोळाशे मीटर पळणारी आणि गोळा फेकणारी पोरं दिसतील. त्या पोरांना कागदाचं महत्त्व मी काय सांगणार? मला राग येतो तो त्या कागदाची किंमत माहीत असलेल्यांचा, ज्यांनी त्यावर दुकान मांडलं.

आता अशाच एका स्पर्धेबद्दल. उत्तरेकडच्या एका शहरात मे महिन्यात होती. एका खाजगी अकॅडमीचा संघ होता, त्यातल्या चार मुली माझ्या शाळेच्या, म्हणून मी सोबत गेले. प्रवास सचखंड एक्स्प्रेसने, अर्ध्या मुलांचं आरक्षण झालेलंच नव्हतं, दाराजवळ पेपर अंथरून झोपली. स्पर्धेची जागा म्हणजे मंगल कार्यालय. फरशीवर ताडपत्री, तिच्यावर लग्नात घालतात तो गालिचा. मॅट नाही, डॉक्टर नाही.

टोकावर चढायची ती आठवीतली, त्या हमालाचीच मुलगी. वजनाने सगळ्यांत हलकी म्हणून निवडलेली, आणि हलकीच राहावी म्हणून महिनाभर संध्याकाळचा भात बंद केलेला. हे मला तिथे गेल्यावर कळलं. टोकावरच्या पोरीची एक खूण असते. चढताना ती खाली पाहत नाही, खालच्यांच्या श्वासावरून तिला कळतं मनोरा कुठे डुलतोय. सरावात दुसऱ्या थरातल्या मुलीचा घामेजला हात तिच्या पोटरीवरून निसटला आणि ही मागे गेली. डोक्याचा मागचा भाग आपटला. आवाज सगळ्यांनी ऐकला. प्रशिक्षकाने तोंडावर पाणी मारलं, बाम चोळला, दहा मिनिटं बसवलं. मी म्हटलं, आता हिला चढवायचं नाही. उत्तर मिळालं, संघात एक जरी कमी झाला तर बाद धरतील, सगळ्यांचे पैसे वाया जातील. संध्याकाळी तिला पुन्हा चढवलं. मी तिथे होते, आणि माझं कुणी ऐकलं नाही, कारण त्या संघावर माझा कागदोपत्री काही अधिकार नव्हता.

परतीच्या गाडीत तिला उलट्या झाल्या. उजेड सहन होईना, डोळ्यांवर ओढणी बांधून पडली होती. डब्यातले सगळे म्हणत होते, ऊन लागलं. डोक्याला मार लागल्यावर मेंदूला आतून हादरा बसतो, हाड मोडलेलं नसतं, वरून काही दिसत नाही, आणि त्या अवस्थेत दुसरा मार बसला तर जिवावर बेततं, हे त्या गाडीत मी सोडून कुणाला माहीत नव्हतं. वर्षभर तिचं डोकं दुखत राहिलं. नववीची परीक्षा कशीबशी दिली. संघाला तिसऱ्या क्रमांकाचं प्रमाणपत्र मिळालं. त्या गटात संघ तीनच उतरले होते.

अशा पडण्याची नोंद कुठेच होत नाही. शाळेच्या हजेरीत ती मुलगी आजारी असते, दवाखान्याच्या चिठ्ठीवर डोकेदुखी, संघटनेच्या अहवालात तिसरा क्रमांक. मनगटं मोडलेली, गळपट्टीचं हाड सरकलेली, कंबर धरलेली पोरं मी मोजक्या वर्षांत कितीतरी पाहिली. बेसला उभ्या राहणाऱ्या थोराड मुलींचे गुडघे तर कुणी विचारातच घेत नाही. मुलींच्या संघाबरोबर रात्रीच्या प्रवासात बाईमाणूस असावं, या मागणीवरून मी किती जणांशी भांडले असेन. पॉक्सो कायदा २०१२ चा; तरी एकट्या तरुण प्रशिक्षकाबरोबर बारा-चौदा वर्षांच्या मुली चार-चार दिवस परगावी जात राहिल्या. काही घरांत नंतर मुलीचं मैदान अचानक बंद झालं. कारण विचारलं तर आया डोळे चुकवायच्या.

हे होत असताना शाळेतला क्रीडाशिक्षक कुठे होता? त्याला काढायचं चाललं होतं. २८ ऑगस्ट २०१५ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे शाळेत शिक्षकांची पदं किती ते ठरवणाऱ्या निर्णयाने आमच्या पदांवर गदा आली. ऑक्टोबरमध्ये अतिथी निदेशकांचा तोडगा निघाला, तासाच्या हिशेबाने मानधन. आम्ही मोर्चे काढले, निवेदनं दिली. माझ्या ओळखीतल्या एका उत्तम खो-खो प्रशिक्षकाला त्या वर्षी भूगोल शिकवायला बसवलं. लातूरकडे तर नववी आली की पालकच मैदान बंद करतात, शिकवणी आणि नीटची तयारी सुरू होते. शाळेने हात काढले, पालकांना वेळ नाही, मग उरला अकॅडमीवाला आणि त्याची संघटना. पोरीच्या मानेची जबाबदारी त्या दशकात कुणाकडेच राहिली नाही.

मधल्या काळात दहीहंडीही आमच्याकडे आली. ती मुंबई-ठाण्याची; पण पुढाऱ्यांच्या कृपेने चौकाचौकात क्रेन लागल्या. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने वीस फुटांची आणि अठरा वर्षांची मर्यादा घातली होती. २०१७ मध्ये वय चौदावर आलं आणि उंचीची अट गेली. चौदा म्हणजे आठवी-नववी.

आणि मग २०२२. त्या वर्षी राज्याच्या क्रीडा खात्यालाच खोटी क्रीडा प्रमाणपत्रं स्वतःहून परत करा असं आवाहन करायची वेळ आली. ट्रॅम्पोलीनसारख्या खेळांच्या नावावर, कधी त्यावर उडीही न मारलेली माणसं नोकरीला लागल्याचं उघड झालं होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गोविंदांना पाच टक्क्यांच्या आरक्षणात घेण्याची घोषणा विधानसभेत झाली. त्या दहीहंडीत विलेपार्ल्याला थरावरून पडून एक तरुण दगावला. घोषणेवर स्पर्धा परीक्षेची पोरं चिडली, आमच्या हक्काच्या जागा जाणार म्हणून. त्यांचा राग रास्त होता. पण त्या सगळ्या वादात पडणाऱ्याबद्दल बोलणारे फार थोडे होते. विम्याची रक्कम जाहीर झाली, मृत्यूला दहा लाख. मॅटचा, प्रशिक्षणाचा, वयाचा विषय मागेच पडला.

मला सगळ्यांत जास्त हळहळ वाटते ती गतक्याची. होळीच्या हल्लाबोलला सचखंड गुरुद्वाऱ्यापासून मिरवणूक निघते, तेव्हा सात-आठ वर्षांची पोरं सोटी आणि फरी घेऊन खेळताना मी वर्षानुवर्षं पाहत आले. शिकवणारे घरचेच, फी नाही, गणवेश म्हणजे चोळा आणि पगडी. मोठा मुलगा लहान्याच्या डोक्यावर वार आणायचा आणि अंगाला न लागता थांबवायचा. थांबवणं हीच त्याची परीक्षा. २०२२ च्या जूनमध्ये पंचकुल्याच्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत गतका आला, पुढच्या वर्षी गोव्याच्या राष्ट्रीय स्पर्धेतही. मला आनंद झाला. पण परवा एक ओळखीची आई विचारत होती, "मॅडम, गतक्याचं सर्टिफिकेट कुठल्या संघटनेचं चालतं?" मुलगा खेळतो का, हे तिने सांगितलंच नाही.

नांदेड जिल्ह्याच्या मुखेड तालुक्यातल्या भाग्यश्री जाधव पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये देशाचा झेंडा घेऊन चालल्या. लातूरकडच्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९७० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण घेऊन आले. कागदांच्या बाजाराबाहेरही हा भाग खेळाडू देतो.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या आणि अकॅडम्यांचे फलक पुन्हा लागलेत. ज्यांची मुलगी यंदा कुठल्या स्पर्धेला निघाली असेल त्यांनी पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात : खाली मॅट किती जाडीची आहे, डॉक्टर जागेवर आहे का, मुलींबरोबर कोण बाई येणार आणि तिचा फोन नंबर काय, आणि त्या गटात एकूण संघ किती. उत्तर टाळलं गेलं तर मुलीला पाठवू नये. लातूरच्या विभागीय क्रीडा कार्यालयाने प्रमाणपत्राच्या पडताळणीसाठी अर्ज घेताना स्पर्धेत कुणाला काय इजा झाली याचा एक रकाना वाढवावा, एवढी मागणी मी लेखी केली आहे. उत्तराची वाट पाहतेय.