तोच खेळाडू, तेच पाय. मग नव्या क्लबमध्ये गोल का आटतात?

हंगामाच्या तोंडावर कोल्हापूरच्या पेठांमध्ये काय किंवा गडहिंग्लजच्या मैदानावर काय, एक चर्चा हमखास रंगते. यंदा कोण कुठल्या संघात गेला? गेल्या वर्षी धडाधड गोल करणारा स्ट्रायकर आपल्याकडे आला की समर्थकांना चषक आलाच असं वाटतं. पण तीन-चार सामने कोरडे गेले की गॅलरीतला सूर बदलतो. ‘पोरगं संपलं’, ‘पैसा डोक्यात गेला’ इथपर्यंत मजल जाते.

खरं कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं. ते समजून घ्यायला स्पेनच्या फर्नांडो टोरेसइतकं बोलकं उदाहरण नाही.

५ कोटी पौंड आणि एक गोल

३१ जानेवारी २०११ रोजी, खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या शेवटच्या दिवशी, चेल्सीने टोरेसला लिव्हरपूलकडून ५ कोटी पौंडांना घेतलं. ब्रिटिश फुटबॉलमधला तोवरचा तो सर्वांत मोठा सौदा होता. लिव्हरपूलसाठी त्याने १०२ लीग सामन्यांत ६५ गोल केले होते. वय अवघं २६.

पहिलाच सामना आला तो जुन्या लिव्हरपूलविरुद्ध. तोही चेल्सी हरली. टोरेसचा पहिला गोल व्हायला २३ एप्रिल उजाडला. त्या हंगामात चेल्सीकडून १४ लीग सामन्यांत त्याचा तेवढा एकच गोल झाला. पुढे साडेतीन वर्षांचा हिशेब झाला तो ११० लीग सामन्यांत २० गोल.

नवी जागा मानवली नाही, असं म्हणून विषय संपवता येईल. पण मग एक प्रश्न उरतो. २००७ मध्ये हाच टोरेस देश, भाषा, हवा सगळं बदलून माद्रिदहून लिव्हरपूलला आला होता आणि पहिल्याच हंगामात लीगमध्ये २४ गोल करून मोकळा झाला होता. म्हणजे नुसती जागा बदलली म्हणून गोल आटत नाहीत. सोबत आणखी काय काय बदललं, ते बघावं लागतं.

मोकळी जागा गेली

टोरेसचं खरं हत्यार म्हणजे पळणं. बचावपटूंच्या पाठीमागे मोकळी जागा दिसली की तो सुसाट सुटायचा. लिव्हरपूलमध्ये स्टीव्हन जेरार्ड नेमक्या त्याच क्षणी, त्याच जागेत चेंडू सोडायचा. अख्खा संघ त्याच्या धावेभोवती उभा केलेला होता.

चेल्सी गतविजेती होती. तिच्यासमोर बरेच संघ आठ-नऊ जण गोलसमोर उभे करून खेळायचे. मागे जागाच नाही, तर पळणार कुठे? शिवाय चेल्सीचा खेळ दिदिए द्रोग्बाच्या सवयीने बांधलेला. तो धिप्पाड गडी पाठीवर बचावपटू झेलत चेंडू धरून ठेवायचा. टोरेस त्या कामाचा माणूस नव्हता. दुकान तेच, पण गिऱ्हाईक वेगळं, अशातली गत झाली.

गुडघे आधीच दुखावलेले

२०१० मध्ये जानेवारी आणि एप्रिल अशा दोनदा त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाल्या. त्याच वर्षी स्पेनने विश्वचषक जिंकला, पण टोरेसचा त्यात एकही गोल नव्हता. लिव्हरपूलकडून २००९-१० मध्ये २२ लीग सामन्यांत १८ गोल करणारा हा गडी पुढच्या हंगामात, क्लब सोडेपर्यंत २३ सामन्यांत ९ गोलांवर आला होता. म्हणजे घसरण सौद्याच्या आधीच सुरू झाली होती. किंमत मात्र जुन्या गोलांवर ठरली.

यात खरेदीदाराची एक कायमची गफलत दिसते. स्ट्रायकर नावारूपाला येतो तो त्याच्या सर्वांत चांगल्या काळात. तशी वर्षं रोज येत नाहीत. विकत घेणारा मात्र तोच काळ कायमचा धरून चालतो.

डोकं आणि वेळ

हंगामाच्या मध्येच आल्यामुळे नव्या सोबत्यांबरोबर पूर्वतयारीचे सराव झाले नाहीत. कोण कधी पास देतो, कुठल्या पायाने देतो, हे अंगवळणी पडायला महिने लागतात. त्यात साडेतीन वर्षांत अँचेलोटी, व्हिलास-बोआस, दि मातेओ, बेनिटेझ आणि मोरिन्हो असे पाच प्रशिक्षक झाले. दरवेळी नवी पाटी.

गोल होत नाही म्हटल्यावर मन कचरतं. जो फटका आधी विचार न करता बसायचा, तिथे विचार शिरतो. सप्टेंबर २०११ मध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्ध टोरेसने आधी सुंदर गोल केला. नंतर गोलकीपरलाही चकवलं आणि समोर रिकामा गोल असताना चेंडू बाहेर मारला. लोकांनी आठवणीत ठेवला तो दुसरा फटका.

जागा मिळाली तेव्हा

२४ एप्रिल २०१२. चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी, बार्सिलोनाचं मैदान. चेल्सी दहा खेळाडूंवर आलेली, बार्सिलोना सगळी पुढे चढलेली. द्रोग्बाच्या जागी उतरलेल्या टोरेसला भरपाई वेळेत अर्धं मैदान मोकळं मिळालं. तो एकटा पळाला, गोलकीपरला वळसा घातला आणि चेंडू जाळ्यात टाकला. चेल्सी अंतिम फेरीत गेली, पुढे चषकही जिंकली. पळायला जागा मिळाली, तेव्हा गडी चुकला नाही.

उलटं उदाहरणही आहे. १९९९ मध्ये थिएरी हेन्री युव्हेंटसहून आर्सेनलला आला, तेव्हा सुरुवातीचे कितीतरी सामने त्याचा गोल झाला नाही. प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांनी कडेने खेळणाऱ्या त्या पोराला मधोमध आणलं आणि थांबायची तयारी ठेवली. त्या हंगामाअखेर त्याच्या नावावर २६ गोल होते. आर्सेनलमध्ये त्याचे एकूण २२८ झाले.

आपल्या मैदानावरही गणित हेच आहे. गडी आणताना त्याने किती गोल केले एवढंच न विचारता ते कोणाच्या पासवर केले, कुठल्या जागेतून केले, गुडघा-घोटा कसा आहे, हेही विचारायला हवं. पासवाला जुन्याच संघात राहिला असेल, तर निम्मे गोल तिथेच राहिलेले असतात. आणि आल्यावर चौथ्या सामन्यात शिव्या घालण्याआधी गॅलरीतून एकच गोष्ट मोजून बघावी: त्याच्या पायात कामाचा चेंडू किती वेळा आला? बऱ्याचदा उत्तर तिथेच सापडतं.