आधी नळी, मग झोप

गुटख्यानं तोंड आखडलेल्या पेशंटला ‘जागेपणीच श्वासाची नळी घालणार’ असं मी सांगितलं, की त्याच्याआधी त्याची बायको विचारते, “मग भूलतज्ज्ञ कशाला?” प्रश्न रास्त आहे. भूल दिली की जीभ मागे पडते, श्वास मंदावतो किंवा थांबतो. एरवी आम्ही तोंड उघडून लगेच नळी सरकवतो. पण जबडा बोटभरही उघडत नसेल आणि मास्कनंही ऑक्सिजन पोचेना, तर हाताशी काही मिनिटंच उरतात. जागा माणूस स्वतःचा श्वास घेत असतो. नळी बसेपर्यंत तो श्वास मी मोडत नाही.

अडचण ठसक्याची. नाक, घसा आणि स्वरयंत्र यांच्या नसा वेगवेगळ्या, त्यामुळे बधिर करणाऱ्या औषधाच्या एका फवाऱ्यानं भागत नाही. शिवाय लाळेत औषध वाहून जातं. म्हणून आधी लाळ आटवणारं ग्लायकोपायरोलेटचं इंजेक्शन, मग रक्तस्राव टाळायला नाकात थेंब. त्यानंतर ते बधिर करणारं औषध, झायलोकेन: नाकात जेली, घशासाठी नेब्युलायझर. शेवटी कंठमण्याखालच्या खाचेतून बारीक सुईनं थेट श्वासनलिकेत. “दादा, आता जोरात ठसका येईल, येऊ द्या,” हे आधीच सांगते. त्या ठसक्यानंच औषध स्वरतंतूंवर उडतं.

सर्जन घड्याळाकडे बघू लागतात, पण औषध मुरायला वेळ लागतोच. मापही सांभाळायचं असतं. ब्रिटनच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत चरबी वगळून धरलेल्या वजनाच्या दर किलोमागे 9 मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. औषध जास्त झालं तर ओठांना मुंग्या येतात, कानात आवाज येतो, पुढे झटकेही येऊ शकतात. जागा पेशंट पहिली लक्षणं स्वतःच सांगतो.

मग नाकातून लवचीक दुर्बीण. 1967 मध्ये डॉ. पीटर मर्फी यांनी असं पहिल्यांदा केलं, तेव्हा वापरली ती पित्तनलिका पाहायची दुर्बीण! स्वरतंतूंपलीकडे श्वासनलिकेची कडी दिसली की दुर्बिणीवरून नळी आत सरकते. मॉनिटरवर कार्बन डायऑक्साइडचा आलेख उमटला, की मगच झोपेचं औषध.

तुमची तीन बोटं एकावर एक धरून तोंडात मावत नसतील, तर ते ऑपरेशनआधीच्या तपासणीतच सांगा. गुटखा, सुपारी लपवू नका. आम्हाला तयारीला वेळ मिळाला, तर तुमचा त्रास बराच कमी होतो.