तबकडी आमची, कुलूप त्यांचे

दाम मोजून घेतलेली वस्तू जपून ठेवण्याचा अधिकार घेणाऱ्याला आहे की नाही, असे कोणी विचारले तर सुज्ञ माणूस हसेल. परंतु चित्रपटाच्या किंवा नाटकाच्या डीव्हीडीपुरता हा प्रश्न मुळीच हास्यास्पद नाही. एके काळी घरोघरी हौसेने जमविलेल्या या तबकड्या आज कपाटांत पडून आहेत. त्यांच्यातील ॲल्युमिनियमचा परावर्तक थर अत्यंत पातळ असतो. हवा आणि ओल आत शिरली की तो गंजतो. आमच्या किनाऱ्यावरील पावसाळ्याला याहून अधिक निमित्त ते कोणते हवे? नासलेल्या तबकडीच्या जागी नवी मिळेलच याचीही शाश्वती नाही. तेव्हा ती चालते आहे तोवर तिची एक प्रत घरच्या संगणकावर उतरवून ठेवावी, हा विचार साहजिक होय.

येथेच कुलूप आडवे येते. 'सीएसएस' या नावाची ही सांकेतिक तटबंदी १९९६ साली आली. तिची किल्ली अवघ्या ४० बिटांची; १९९९ साली 'डीसीएसएस' या प्रणालीने ती फोडली. या प्रकरणी नॉर्वेतील यॉन लेक योहानसेन या तरुणावर खटला झाला. ओस्लोच्या न्यायालयाने जानेवारी २००३ मध्ये त्याला निर्दोष ठरविले आणि त्याच वर्षी डिसेंबरात अपिलातही तोच निर्णय कायम झाला. रीतसर विकत घेतलेली तबकडी पाहण्याचा हक्क घेणाऱ्याला आहे, हे त्यातील मर्म. अमेरिकेचा १९९८ चा कायदा मात्र, ठरावीक अपवाद वगळता, कुलूप उघडण्यालाच आक्षेप घेतो.

आमच्या संसदेने २०१२ साली मधला मार्ग स्वीकारला. कॉपीराइट कायद्याच्या नव्या ६५-अ कलमाने हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड सांगितला. परंतु कायद्याने स्पष्टपणे न निषेधिलेल्या कारणासाठी ते उघडण्यास मोकळीक ठेवली. खाजगी वापरासाठी रास्त उपयोगाची सवलतही त्याच वेळी चित्रपटांना लागू झाली. हा विवेक स्वागतार्हच आहे. तथापि, स्वतःच्या तबकडीची सुरक्षित प्रत हा 'रास्त उपयोग' होय, असे कायदा स्पष्ट शब्दांत सांगत नाही, आणि सामान्य माणसाने त्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी काय?

ग्रंथालयांची अडचण तर अधिक विचित्र आहे. जतनासाठी संगणकीय प्रत ठेवण्याची मुभा सार्वजनिक ग्रंथालयांना मिळाली, पण मूळ प्रत अंकीय नसेल तरच! म्हणजे पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयासारख्या संस्थेने जुने पुस्तक वाचवावे. डीव्हीडी मात्र अंकीय म्हणून या सवलतीबाहेरच राहावी.

निर्मात्यांची भीती आम्ही समजू शकतो. प्रत काढून मूळ तबकडी विकणारा, अथवा प्रती वाटत सुटणारा, आमच्या सहानुभूतीस पात्र नाही. परंतु चोराला या कुलपाने कधीच अडविलेले नाही. अडतो तो प्रामाणिक ग्राहक. म्हणून घरगुती जतन-प्रतीला निःसंदिग्ध मान्यता द्यावी आणि ग्रंथालयांवरील 'अंकीय नसलेली' ही अट काढून टाकावी, अशी आमची मागणी आहे. कायद्याला वेळ लागेल. गंज थांबणार नाही.